नियंत्रणरेषेबाहेरचे नाना

रहाटणीतल्या श्रीकमल हाइट्स या गृहसंकुलात राहणारे नानासाहेब, वय वर्षे बहात्तर, यांनी एका सोमवारी सकाळी मेथीऐवजी पालक आणला. तारीख प्रस्तुत लेखकाला आठवत नाही. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हे पुढे सिद्ध होईलच. प्रस्तुत लेखक नानांच्या खालच्या मजल्यावर राहतो. दोन्ही घरांची स्वयंपाकघरे एकाच डक्टला लागून असल्याने पुढील बरीचशी माहिती त्याला कोणताही अर्ज न करता मिळाली आहे.

"मेथी सांगितली होती ना?" नानांच्या मुलाने, म्हणजे रणजीतने, विचारले.

"मेथी सडकी व्हती. म्हणून पालक आणला."

"म्हणजे विसरलात."

"आरं, सडकी व्हती!"

"सुरुवात अशीच होते, नाना," रणजीत हळुवार आवाजात म्हणाला. नाना चपापले. रणजीत याआधी हळुवार आवाजात बोलला होता तो २०११च्या दिवाळीत, आणि तेव्हा त्याला मोटारसायकल हवी होती, हे नानांना स्वच्छ आठवत होते.

रणजीत चाकणला मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर आहे. शंका आली की आधी माल वापरातून काढायचा आणि मग तपासायचा, ही तिथली शिस्त. त्यानुसार त्याने सर्वप्रथम खिळ्याला टांगलेली नानांच्या स्कूटरची चावी काढून घेतली. मग मोबाइलवरून 'घरच्या घरी मेंदूची तपासणी' नावाची पुस्तिका मागवली. आठ पाने, तीस गुण, सोबत एक पेन्सिल मोफत.

चावी गेल्याचे नानांना जेवढे लागले त्याहून जास्त कौशल्याबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, लागले. गेली एकतीस वर्षे दर रविवारी सकाळी नाना त्यांना मागे बसवून पिंपरी कॅम्पात दाल-पकवान खायला नेत. दोघेच. मुलगा नाही, सून नाही. आठवड्यातला तेवढाच एक तास कौशल्याबाईंना कोणी 'आई, माझं ते कुठंय?' असे विचारत नसे. "पुस्तक लवकर मागव बाबा," त्या रणजीतला म्हणाल्या, "रईवारच्या आत."

पुस्तिका आली. परीक्षक म्हणून सून तनुजा बसली. ती हिंजवडीच्या कंपनीत असल्यामुळे तिची त्याच वेळी दुसरी एक मीटिंग चालू होती, पण तिथे तिने स्वतःचा आवाज बंद केला होता. लिहिताना जेवणाचे टेबल डुगडुगू लागले, तेव्हा तिने पुस्तिकेचे शेवटचे पान फाडले, त्याची घडी केली आणि टेबलाच्या पायाखाली सारली. त्या पानावर एकही प्रश्न नव्हता, त्यामुळे ते निरुपयोगी आहे हे उघडच होते.

"पाच शब्द लक्षात ठेवा, पप्पा. मिरची, खिडकी, सुतार, ढग, चावी."

"चावी लक्षात ठिवायला सांगू नगंस," नाना म्हणाले. "बाकीचे चार ठिवतो."

त्यांनी पाचही ठेवले. तारीख सांगितली, वार सांगितला, न विचारता तिथी सांगितली. शंभरातून सात-सात वजा करत ते दोनपर्यंत खाली उतरले. घरातल्या माणसांचे तीन फोन नंबर तोंडपाठ म्हणायचे होते, त्यांनी पाच म्हटले, त्यातला एक तनुजाच्या माहेरचा होता. तीसपैकी एकोणतीस गुण मिळाले. एक गुण गेला तो घड्याळाच्या चित्रात. अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायची होती, नानांनी सव्वाअकरा दाखवली. "आपल्या घरातलं घड्याळ पाच मिंटं पुढं असतंय," ते म्हणाले, "म्या त्येचंच चित्र काढलं."

कोणत्याही सामान्य घरात इथे गोष्ट संपली असती आणि चावी खिळ्याला परत आली असती. पण रणजीत सामान्य नाही.

"एका रीडिंगवर लॉट पास करता येत नाही," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंय, नाना."

हे खरे होते. नानांनी पिंपरीतल्या एका कंपनीत चौतीस वर्षे पिस्टन मोजले होते आणि घरात मुलगाही त्याच मापाने वाढवला होता. एकोणतीस हा आकडा चांगला की वाईट, हे ठरवायला तुलना हवी. म्हणून रणजीत स्वतः परीक्षेला बसला.

"आजची तारीख?" नानांनी विचारले.

रणजीतचा हात खिशाकडे गेला.

"मोबाइल न्हाई. नियमात लिवलंय."

"मग कशी सांगणार? बरं, अंदाजे... वीस ते पंचवीस."

"टॉलरन्स इचारला न्हाई. बरं, माझा नंबर सांग."

"तुमचा? सेव्ह आहे ना. 'नाना घर' म्हणून."

"घरापासून चाकणला कसा जातोस, ती वाट सांग. अकरा वर्सं जातोयस."

रणजीतने डोळे मिटले. कपाळावर आठ्या पडल्या. "ती बाई 'डावीकडे वळा' म्हणते," तो शेवटी म्हणाला, "मग मी वळतो."

रणजीतला बारा मिळाले. तनुजाला तेरा. कौशल्याबाईंनी "मला भाकरी थापायच्यात" असे सांगून परीक्षेला बसायला नकार दिला, त्यांची नोंद 'अनुपस्थित' अशी झाली. वाचकाला वाटेल की आता मुलगा आणि सून हादरले असतील. तसे झाले नाही. घरात तीन माणसांनी परीक्षा दिली, दोघांचे गुण जुळले, एकाचे जुळले नाहीत. बिघाड कुठे आहे हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आमच्या सोसायटीत तर चाळीस इंजिनिअर आहेत.

त्यांपैकी प्रमुख म्हणजे सेक्रेटरी ज्ञानदेव. हे भोसरीच्या एका कारखान्यात ऑडिट सांभाळतात आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीलाही आवृत्ती क्रमांक देतात. रणजीतने त्यांना पुस्तिका दाखवली. ज्ञानदेवांनी तिच्या प्रती काढून घरोघर वाटल्या. चौसष्ट रहिवाशांनी घरी बसून स्वतःची तपासणी केली. सरासरी आली अकरा पूर्णांक आठ. प्रस्तुत लेखकाला अकरा मिळाले, म्हणजे तो या गोष्टीचा निवेदक म्हणून पूर्णपणे विश्वासार्ह आहे.

मग लिफ्टशेजारी एक आलेख लागला. मध्ये सरासरीची हिरवी रेघ, वर अठरावर लाल रेघ, खाली सहावर लाल रेघ, या दोन नियंत्रणरेषा. त्रेसष्ट ठिपके दोन लाल रेघांच्या मध्ये गुण्यागोविंदाने नांदत होते. चौसष्टावा ठिपका कागदात मावेना. त्यासाठी वर आणखी एक कागद चिकटवावा लागला, आणि त्या कागदावर नाना एकटे होते.

"नियंत्रणरेषेबाहेर," ज्ञानदेव गंभीरपणे म्हणाले.

"आरं पण वरच्या अंगाला हाय न्हवं!" नाना म्हणाले.

"नाना, तुमचंच वाक्य ऐकवू का?" रणजीतने विचारले. आणि त्याने ऐकवले. चौतीस वर्षे नानांनी कारखान्यात प्रत्येक नव्या पोराला सांगितलेले वाक्य: "रेघेच्या भाईर म्हंजी भाईर. वर का खाली, ते इचारायचं न्हाई."

नियम त्यांचा होता आणि बरोबर होता. नोकरीत त्यांनी असे हजारो पिस्टन बाजूला काढले होते. त्या पिस्टनांना काय वाटत असेल, याचा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचार केला.

रविवारी सुधारात्मक कार्यवाहीची बैठक भरली. दाल-पकवान अर्थातच रद्द झाले. ज्ञानदेवांनी फळ्यावर 'का?' असे पाच वेळा लिहिले, कारण पाच वेळा 'का' विचारले की मूळ कारण सापडते अशी आमच्याकडच्या कारखान्यांची श्रद्धा आहे.

"नानांना सगळं आठवतं. का?"

"कारण ते ऐकतात," रणजीत म्हणाला.

"का ऐकतात?"

"कारण समोरचा बोलत असताना ते त्याच्याकडे बघतात," तनुजा म्हणाली.

सभेत थोडी कुजबुज झाली. "का बघतात?" ज्ञानदेवांनी विचारले.

"हातात दुसरं काही नसतं त्यांच्या."

मूळ कारण तिसऱ्याच 'का'ला सापडल्यामुळे टाळ्या झाल्या. दोन 'का' शिल्लक राहिले, ते पार्किंगच्या प्रश्नासाठी राखून ठेवण्यात आले. नानांना स्मार्टफोन द्यावा, सतरा ग्रुपांत त्यांची नोंद करावी आणि गुण सामान्य पातळीवर येईपर्यंत स्कूटरची चावी सोसायटीच्या कार्यालयात लाल चिठ्ठी लावून ठेवावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. नानांचेही मत घेतले गेले. नियमाच्या बाजूने मत देणे त्यांना भागच होते.

कारखान्यात अमान्य माल चांगल्या मालात मिसळू नये म्हणून त्याला वेगळी जागा आखून देतात. ज्ञानदेवांनी बागेतल्या एका बाकाभोवती लाल पट्टी चिकटवली आणि नानांना तिथे बसण्याची विनंती केली. परिणाम विपरीत झाला. दोन दिवसांत त्या बाकापुढे रांग लागली. कुणाला गॅस कधी संपला ते हवे होते, कुणाला लग्नाचा वाढदिवस. तिसऱ्या दिवशी हातात शाळेचा फॉर्म घेऊन खुद्द ज्ञानदेव आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "नाना, माझी मुलगी कितवीत आहे?"

"सातवी ब," नाना म्हणाले. "मागल्या साली सहावी ब व्हती."

"तेवढं शेवटचं कळलं असतं मला," ज्ञानदेव म्हणाले आणि नानांचा ठिपका आणखी वर सरकवण्यासाठी निघून गेले.

सोसायटीच्या फाटकाला लागून नदीमचे गॅरेज आहे. नानांची स्कूटर तिथेच उभी असते. तिच्याकडे बघत नाना रोज संध्याकाळी चहा पीत.

"नाना, तुम्ही पण कमाल करता राव," नदीम म्हणाला. "चार उत्तरं चुकवा ना. घरीच तर भरायचंय. कोण बघतंय?"

"नदीम, चौतीस वर्सांत म्या एक रीडिंग खोटं न्हाई भरलं."

"मग?"

"मग खरंच इसरायला पायजे."

आणि ते कामाला लागले. माणूस शिस्तीचा. काय काय विसरायचे याची त्यांनी वहीत तीन रकान्यांची यादी केली: बाब, विसरण्याची मुदत, शेरा. आठवड्याने ती सगळी यादी त्यांना पाठ झाली. नव्या तपासणीत तीस गुण पडले, कारण मधल्या काळात कौशल्याबाईंनी घड्याळ बरोबर लावले होते.

शेवटी फोनने जे करायचे ते केले. सुरुवातीला नाना सतरा ग्रुपांवरच्या प्रत्येक सुप्रभाताला उलट सुप्रभात पाठवत. मग ते चित्रफिती बघू लागले. एक माणूस कलिंगडाचा मोर करायचा. एक बाई दगड रंगवायची. कोणीतरी कुत्र्याला पोहायला शिकवत होते. पंधरा दिवसांत गुण बावीसवर आले, तीन आठवड्यांत सतरावर. रणजीतने त्यांच्या पाठीवर थाप मारली. लिफ्टशेजारचा वरचा जादा कागद काढून टाकण्यात आला. सहाव्या आठवड्यात नानांना बारा मिळाले, 'सामान्य' असा दाखला मिळाला, आणि ज्ञानदेवांनी नारळ देऊन त्यांच्या हातात चावी ठेवली. पुढचे काही दिवस देखरेख म्हणून रोज तपासणी करावी, एवढीच अट घातली. सगळे खूश होते. कौशल्याबाई तर इतक्या खूश होत्या की त्यांनी शनिवारीच जांभळी साडी काढून ठेवली.

रविवारी सकाळी त्या फाटकाशी उभ्या राहिल्या. नाना गॅरेजमधून स्कूटर घेऊन आले. एकतीस वर्षांची वाट, पण त्यांनी हँडलला फोन लावला होता. त्यातल्या बाईने 'डावीकडे वळा' म्हटले आणि नाना डावीकडे वळले. एकटेच.

दीड तासाने ते परत आले. मिशीला पकवानाचा चुरा होता. कौशल्याबाई तिथेच उभ्या होत्या. वॉचमनने दिलेली खुर्ची शेजारी रिकामी होती.

"अगं, तू हितं काय करतीयास?" नानांनी विचारले.

प्रस्तुत लेखक तेव्हा गॅलरीत दात घासत होता. कौशल्याबाईंनी नुसते स्कूटरच्या मागच्या सीटकडे बोट दाखवले. नानांनी मागे वळून रिकामी सीट पाहिली. मग ते स्कूटर तिथेच सोडून फाटकाच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोके धरले. भीती कशी असते ते त्या क्षणी त्यांच्या तोंडावर दिसत होते, आणि प्रस्तुत लेखकाला ते बघवले नाही म्हणून त्याने चूळ भरायला आत जाणे पसंत केले.

कौशल्याबाई तरातरा वर गेल्या. त्यांनी पुस्तिका उघडली. त्या चौथी पास आहेत आणि सातानंतर आठ येतो हे त्यांना माहीत आहे. सातव्या पानाखाली 'पुढील पान अवश्य वाचावे' असे लिहिले होते आणि पुढे पान नव्हते. चाळीस इंजिनिअरांच्या हाताखालून गेलेल्या पुस्तिकेत ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली ती अनुपस्थित बाईच्या. टेबल डुगडुगायचे कधी थांबले ते त्यांना आठवत होते. त्यांनी टेबल उचलले, घडी उलगडली आणि ते पान घेऊन त्या थेट सोसायटीच्या कार्यालयात गेल्या.

"वाचा," त्या म्हणाल्या.

ज्ञानदेवांनी वाचले. "ही तपासणी म्हणजे निदान नव्हे. आपले गुण इतरांशी नव्हे, तर आपल्याच आधीच्या गुणांशी ताडून पाहावेत. मोठी घसरण आढळल्यास डॉक्टरांना भेटावे."

"एकोणतीस व्हते. आता बारा. ही घसरण न्हाई तर काय हाय?"

ज्ञानदेवांनी पान उलटसुलट करून पाहिले. "काकू, यावर शिक्का नाही," ते म्हणाले. "हे पान नियंत्रित दस्तऐवजात येत नाही. आणि नाना आता अगदी सरासरीवर आहेत. बघा तरी किती छान बसलाय ठिपका."

कौशल्याबाई नानांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तपासले, बोलते केले, शेवटी विचारले, "रोज फोन किती वेळ बघता?" आणि नानांनी उत्तर द्यायला फोन काढला. औषध काही दिले नाही. घरी आल्यावर कौशल्याबाईंनी फोन ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल पुरला.

नाना माणसांत यायला लागले. रोजच्या तपासणीत अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा. सात दिवस, सात ठिपके. सगळे लाल रेघेच्या आत.

"पण चढते आहेत," रणजीत आलेखाकडे बघत काळजीने म्हणाला. "सलग सात चढते ठिपके म्हणजे बिघाडाची चाहूल. हाही तुमचाच नियम, नाना." ज्ञानदेवांनी लाल चिठ्ठी तयार ठेवली; उद्याही ठिपका चढला तर चावी पुन्हा कार्यालयात. दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

त्या संध्याकाळी नाना गॅरेजमध्ये आले आणि उद्याची उत्तरपत्रिका स्कूटरच्या सीटवर ठेवून म्हणाले, "नदीम, पेन दे."

नदीमने पेन दिले, पण सोडले नाही. "नाना, चौतीस वर्षांचं काय?"

"ते पिस्टन व्हते," नाना म्हणाले. "पिस्टन साडी नेसून फाटकाशी वाट बघत न्हाई उभं ऱ्हात."

तेव्हापासून नानांचे गुण असे आहेत: बारा, दहा, तेरा, अकरा, बारा. कधी वर, कधी खाली, सरासरीला धरून. रणजीतच्या मते इतकी निरोगी प्रक्रिया त्याने चाकणच्या पट्ट्यात पाहिलेली नाही. त्याने तो आलेख प्लास्टिकमध्ये मढवून घेतला आहे. नाना तारीख नेहमी कालची लिहितात. पाच शब्दांपैकी दोनच लिहितात, पण रोज वेगळे दोन, आणि कोणते कधी लिहिले ते त्यांना पाठ आहे. रणजीतच्या नंबरातला फक्त शेवटचा आकडा चुकवतात. एवढे नेमके चुकायला किती लक्षात ठेवावे लागते, हे तपासणारा एकही प्रश्न पुस्तिकेत नाही. दर रविवारी सकाळी स्कूटर फाटकातून बाहेर पडते, तेव्हा मागच्या सीटवर जांभळी साडी असते.

हे सगळे लिहून झाल्यावर प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या पत्नीचा फोन नंबर न बघता कागदावर लिहून पाहिला. पहिले चार आकडे जमले. पाचव्याला त्याने हाक मारून तिलाच विचारायचे ठरवले, तेव्हा ती घरात नसल्याचे लक्षात आले. ती सकाळी कुठे जाते म्हणून सांगत होती, आणि प्रस्तुत लेखक तेव्हा 'हं' म्हणाला होता.

तुम्हीही करून पाहा. घरच्या घरीच करायचे आहे, कोणी बघत नाही. फोन खाली ठेवा आणि या क्षणी तुमची वाट बघत जो कोणी उभा असेल, त्याचा नंबर लिहा. नाही आला तर अजिबात काळजी करू नका. तुमचा अहवाल सामान्य आहे.